फोटोखालची ओळ

"हर्षला, हातातलं ठेव आणि आधी इकडे ये," मामींनी हाक मारली. "तुला एक गंमत दाखवायची आहे."

मी शाळेच्या वह्यांचा गठ्ठा सोडत होते. सावंतवाडीचा बाजार जेवून आडवा झाला होता. दुकानाच्या दाराचा एक पल्ला लावून घेतला की आत मंद, गार उजेड राहायचा, आणि त्या उजेडात मामी कॉम्प्युटरपुढे बसायच्या.

मामी म्हणजे कुमुदिनी पार्सेकर. कॉलेजातली माझी मैत्रीण शर्वरी, तिच्या मामी. शाळेतून निवृत्त झाल्यावर, नवऱ्याच्या माघारी, 'पार्सेकर पुस्तकालय' त्या एकट्या चालवत होत्या. गुडघे दुखायचे म्हणून शिडीवर चढायचं काम माझं. मी दुकानामागच्याच खोलीत राहायचे. मला पाठवताना शर्वरीनं त्यांना फोनवर एवढंच सांगितलं होतं, "मामी, तिला काम हवंय आणि जागा हवीय. बाकी काही विचारू नकोस." जन्मभर मुलांना प्रश्न विचारण्यात घालवलेल्या त्या बाईनं मला खरंच कधी एक प्रश्न विचारला नव्हता.

तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. आधी मोडेमचा डबा किंचाळायचा, मग घरघरायचा, आणि मामी इंटरनेटवर असेपर्यंत दुकानाचा फोन कुणालाही लागत नसे. गिऱ्हाइकं तक्रार करत. मामींना पर्वा नव्हती. रोज एखादी नवी साइट शोधून काढायच्या आणि मला बोलावून दाखवायच्या. 'माझं कपाट' नावाची एक होती, तिथे लोक आपल्या घरातली पुस्तकं मांडत आणि एकमेकांना वाचायला पाठवत. अमरावतीच्या एका निवृत्त स्टेशनमास्तरांशी मामींची तिथेच दोस्ती झाली होती. एका साइटवर नुसती जुन्या पुस्तकांची मुखपृष्ठं. आणखी एकीवर वाचणाऱ्या माणसांचे फोटो, बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, बैलगाडीत उसाच्या मोळीवर बसून वाचणारा एक म्हातारा.

"अगो, मला वाटायचं पुस्तकांची वेडी माणसं संपली," मामी म्हणायच्या. "ती सगळी इथे येऊन बसली होती!"

मलाही ते सगळं आवडायला लागलं होतं. आपण कुठे आहोत हे कुणाला न कळता जग बघता येत होतं. मला तेवढंच हवं होतं.

मी त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर एक फोटो उतरत होता. त्या काळी फोटो एकदम दिसत नसत, वरून खाली, पट्टीपट्टीनं यायचे.

"'उजेड-सावली' म्हणून हौशी फोटोग्राफर लोकांची साइट आहे," मामी सांगत होत्या. "दर महिन्याला एक फोटो निवडतात. या महिन्याचा कुठला, ओळख बघू."

आधी वरचं छत आलं. मग पुस्तकांची एक रांग, तिच्याखाली दुसरी. उजवीकडे खिडकीचा गज. शिडीचं टोक. मग काळे केस, मधोमध भांग पाडलेले.

त्या गजाला खालून गंज चढलेला होता. तो मी रोज पुसत असे.

कपाळ आलं. मिटल्यासारख्या झुकलेल्या पापण्या आल्या. मी शिडीच्या पायरीवर बसले होते आणि मांडीवरच्या पुस्तकात पार बुडाले होते. खिडकीतलं ऊन गालावर पडलं होतं.

"बघ, किती सुंदर आलीस!" मामी म्हणाल्या. "ते कारखानीस नाही का आले होते बेळगावहून, गळ्यात कॅमेरा घालून? दुकानाचे फोटो काढू का म्हणून विचारलंन. मी म्हटलं, काढा की. तू त्यात असशील हे मला काय ठाऊक!"

फोटोखाली नाव होतं, 'कोकणातलं एक पुस्तकांचं दुकान'. गावाचं नाव नव्हतं, माझं तर नव्हतंच. मी श्वास सोडला. मग मामींनी पान आणखी खाली सरकवलं. तिथे लोकांनी प्रतिक्रिया लिहिल्या होत्या. वा, अप्रतिम, काय उजेड आहे, असलं दुकान आमच्या गावात का नाही. मामी एकेक मोठ्यानं वाचत होत्या.

"आणि हा कोण शिष्ट बघ. 'तिसरा डोळा' म्हणे नाव! 'प्रकाशाचं भान चांगलं आहे. पण डावं मनगट वाकडं दिसतं. ते पुस्तकाआड लपवायला हवं होतं. हे दुकान नेमकं कुठलं?' मला तर कुठे वाकडं दिसत नाही. तुला दिसतं?"

मी उजव्या हातानं डावं मनगट धरलं. इतकं घट्ट की बोटं पांढरी पडली.

"हर्षला?"

"मामी, बंद करा ते."

"अगो, झालं काय?"

"बंद करा. आधी बंद करा."

त्यांनी पडदाच विझवला, मला ओढून स्टुलावर बसवलं आणि माठातलं पाणी आणलं.

"कोण आहे तो?" मामींनी विचारलं. दीड वर्षांत त्यांनी माझ्या मागच्या आयुष्याबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न.

"माझा नवरा."

मग मी सांगितलं. अडखळत, पुढचं मागे आणि मागचं पुढे करत. पराग झांबरे. नाशिकला एका कारखान्यात इंजिनियर, पगार चांगला, बोलणं गोड. आमच्याकडे जळगावला बघायला आला तेव्हाही गळ्यात कॅमेरा होता आणि घरातल्या सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं होतं. लग्नानंतर तो माझे फोटो काढायला लागला. खिडकीशी बसायचं, मान अशी, हात असा, आणि हलायचं नाही. एक तास, दोन तास. हललं की काय होतं हे मी लवकरच शिकले. तो ओरडत नसे. आधी उठून दार लावायचा, हळूच, कडी वाजू न देता. मग जवळ यायचा. नंतर ते फोटो साइटवर टाकायचा आणि लोकांनी केलेली स्तुती रात्री मला वाचून दाखवायचा. "बघ, लोकांना कळतं. तुलाच कळत नाही."

मनगट मोडलं त्या दिवशी मला शिंक आली होती. एवढंच. मोरीत पाय घसरून पडली, असं त्यानं डॉक्टरांना सांगितलं, आणि मी मान डोलावली. हाड वाकडंच जुळलं. नीट पाहिल्याशिवाय कुणाला दिसत नाही.

"माहेरी नाही गेलीस?"

"दोनदा गेले. दोन्ही वेळा दादांनीच, माझ्या वडिलांनीच, आणून सोडलं. म्हणाले, फोटो काढतो म्हणून कोणी नवरा सोडतं का?"

मामींनी चष्मा वर ढकलला आणि कॉम्प्युटरच्या डब्यातली तार ओढून काढली.

"फोन मोकळा झाला. त्या कारखानीसांचा नंबर आहे माझ्याकडे, पुस्तकं मागवतात ते. फोटो काढून टाकायला लावते आत्ताच्या आत्ता."

त्यांनी नंबर फिरवला. पलीकडचा आवाज मला अर्धवट ऐकू येत होता. कारखानीस आधी खुश झाले. फोटो पाहिलात? मग बुचकळ्यात पडले. मग दुखावले. "अहो बाई, त्यात आक्षेपार्ह काय आहे? महिन्याचा फोटो म्हणून निवडलाय तो. तुमचं दुकान किती लोकांपर्यंत..."

मामींनी मला खूण केली. मी फोन घेतला.

"मी त्या फोटोतली," मी म्हणाले. "तुम्ही चांगला काढलाय. पण माझ्या नवऱ्यानं माझा हात मोडला होता. मी त्याच्यापासून लपून इथे राहते. त्यानं तो फोटो पाहिलाय."

तारेत नुसती खरखर.

"तिसरा डोळा," ते अगदी हळू म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"फोटो मी आत्ता काढून टाकतो. लगेच. पण बाई..." ते थांबले. "काल त्यांचा मला वेगळा निरोप आला होता. फार मोकळेपणानं लिहिलं होतं. म्हणाले, मी पुस्तकवेडा, या दुकानाला भेट द्यायची आहे. मी त्यांना गाव सांगितलं. दुकानाचं नाव सांगितलं. मोती तलावावरून कसं वळायचं तेही सांगितलं."

मी फोन खाली ठेवला. कारखानीस पलीकडे अजून बोलत होते, माफ करा असं काहीतरी म्हणत होते. मामींनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना विचारावं लागलं नाही.

त्या संध्याकाळी मी दुकानात उभी राहू शकले नाही. कुणी उंबऱ्यावर पाय ठेवला की मी मागच्या खोलीकडे सरकायचे. चपलेचा आवाज, घसा साफ केल्याचा आवाज, पिशवीची चेन उघडल्याचा आवाज. मामी म्हणाल्या, पोलिसांत जाऊ.

"काय सांगू त्यांना? फोटोखाली एक ओळ लिहिली म्हणून?"

"मागचं सांग की."

"मागचं कुणी पाहिलंय? डॉक्टरांपुढे तर मीच मान डोलावली, पडले म्हणून. मामी, तुम्ही त्याला ओळखत नाही. तो आला की चौकीतले लोक त्यालाच खुर्ची देतील. तुम्हीसुद्धा द्याल."

मामींना ते लागलं असावं. पण त्या रागावल्या नाहीत. "मग काय करायचं म्हणतेस?"

"जाते. सकाळच्या गाडीनं पणजी. तिथून बघते पुढे."

"आणि तिथे कुणी फोटो काढला म्हणजे?"

मी कपडे पिशवीत भरले.

सकाळी मामींनी डब्यात पोळ्या बांधून दिल्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पोचलीस की फोन कर. आणि तो आला तर सांगेन मी, असली कोणी मुलगी इथे नाही म्हणून. म्हातारीला काय करणार आहे तो?"

मी मान डोलावली आणि निघाले.

स्टँडवर गर्दी होती. मी चहाच्या टपरीमागे, भिंतीला पाठ लावून उभी राहिले, म्हणजे मागून कुणी येणार नाही. पदर डोक्यावरून घेतला होता. आमच्याकडे उन्हात घेतात तसा. इथे तसं कुणी घेत नाही, त्यामुळे बायका उलट वळून बघत होत्या. पणजीची गाडी लागली. कंडक्टर दार उघडून ओरडत होता. मी दोन पावलं पुढे गेले आणि त्याच वेळी कोल्हापूरकडून आलेली गाडी शेजारच्या फलाटाला लागली.

तो उतरणाऱ्यांत चौथा की पाचवा होता. आधी कॅमेऱ्याची काळी बॅग दिसली. मग तो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, रात्रभर प्रवास करूनही चुरगळलेला नव्हता. एका म्हातारीची पिशवी त्यानं हात देऊन खाली घेतली. ती त्याला काहीतरी आशीर्वादाचं बोलली. तो हसला.

मी टपरीचा खांब धरला. तो माझ्यापासून इतका जवळून गेला की तोच जुना साबणाचा वास आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. रिक्षावाल्याला म्हणाला, "पार्सेकर पुस्तकालय. तलावाजवळ." रिक्षा गेली.

"पणजी, पणजी! कोण ऱ्हवलंत?" कंडक्टर ओरडत होता.

मला फक्त चढायचं होतं. तो दुकानात पोचला असता आणि मी पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे, गोव्यात गेले असते. मी गाडीच्या दारातला दांडा धरलासुद्धा. आणि मला मामींचं ते वाक्य आठवलं, सांगेन मी, असली कोणी मुलगी इथे नाही म्हणून. परागला खोटं बोललेलं चालत नसे. शिंक चालत नसे, हलणं चालत नसे, पण खोटं सगळ्यांत जास्त चालत नसे. आणि मामींना खोटं बोलता येत नव्हतं. गुडघ्यांमुळे त्यांना पळताही येत नव्हतं.

मी दांडा सोडला. फलाटाच्या टोकाला टेलिफोनचा बूथ होता. दुकानाचा नंबर लावला. टूं टूं टूं. पुन्हा लावला. टूं टूं टूं. मामी इंटरनेटवर होत्या! फोटो खरंच निघाला का हे बघायला बसल्या होत्या, ते मला नंतर कळलं. तेव्हा मी त्या बूथमध्ये उभी राहून काचेवर हात आपटत होते, "उठा ना मामी, उठा ना," आणि बूथवाला मला वेड लागलंय असं समजून बघत होता.

मी पिशवी तिथेच टाकली आणि धावले. वाटेत रिक्षा मिळाली, ती तलावाच्या वळणावर थांबवली. उतरले आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थबकले. पुढे पाऊल पडेना. समोर लाकडी खेळण्यांचं दुकान, त्यात सगुणा चितारी भोवऱ्यांना लाल रंग देत बसलेली. आणि अलीकडे आमचं दार, दोन्ही पल्ले उघडे. आतले आवाज स्पष्ट ऐकू येत होते.

"इथला उजेड फार सुंदर आहे हो," तो म्हणत होता. "दुपारचा तर विचारूच नका. मी फोटोत पाहिला. शिडीवर एक बाई बसल्या होत्या वाचत."

"येतात खूप गिऱ्हाइकं," मामी म्हणाल्या. आवाज चढलेला होता. "हर्षला नावाची कोणी इथे राहत नाही."

"मी नाव कुठे घेतलं?" तो म्हणाला.

मग मी ते पाहिलं. तो दाराशी आला. बाहेर न बघता एक पल्ला लावला, हळूच, बिजागरी वाजू न देता. मग दुसऱ्याला हात घातला.

मी कशी गेले ते मला सांगता येणार नाही. मला फक्त दाराचं लाकूड आठवतं, तळव्यांना लागलेलं. मी पल्ला आत ढकलला तेव्हा तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता. गल्ल्यामागे मामी भिंतीला टेकून उभ्या होत्या.

पराग दचकला नाही. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, जसं फोटो काढण्याआधी बघायचा.

"वाळलीस," तो म्हणाला. "आत ये. दार लाव."

आणि माझा हात कडीकडे गेला. हे मी आजही विसरलेले नाही. दीड वर्ष झालं होतं, आणि तरी त्यानं दार लाव म्हटल्यावर माझा हात आपणहून कडीकडे गेला.

"हर्षला, नको!" मामी ओरडल्या.

"तुम्ही मध्ये बोलू नका," तो त्यांच्याकडे न बघताच म्हणाला, अगदी मऊ आवाजात. "हर्षू, घरी जायचंय आपल्याला. दादा वाट बघतायत. मी रागावलेलो नाही. दार लाव, म्हणजे शांतपणे बोलता येईल."

शांतपणे. त्या शब्दासरशी मला एकदम काहीतरी दिसलं, जे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. त्यानं मला कधीच, एकदाही, उघड्या दारात मारलं नव्हतं. रस्त्यात नाही, पाहुण्यांसमोर नाही, माहेरी नाही. त्याला आधी दार बंद लागायचं. आणि दार लावण्याआधी मी गप्प असायचे, नंतरही गप्प असायचे.

मी कडीवरचा हात काढला. "नाही," म्हणायला गेले तर नुसती हवा आली. मी पाठ न वळवता एक पाऊल मागे टाकलं, उंबऱ्याबाहेर. मग आणखी एक. रस्त्याच्या मधोमध आले.

"नाही," मी म्हणाले. या वेळी ऐकू आलं. "तू बाहेर ये. काय बोलायचंय ते इथे बोल."

"तमाशा करू नकोस."

"तमाशाच करायचाय मला!"

इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. माझाच आवाज ऐकून मला भीती वाटली. पण तो थांबेना. "हा माझा नवरा आहे! हा मला दार लावून मारायचा! ह्यानं माझा हात मोडलाय आणि मी पडले म्हणून सांगितलं! आत्ताही तो आत दार लावत होता, मामी आत असताना!"

समोर सगुणानं ब्रश खाली ठेवला. शेजारचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. तलावाकडून येणारी दोन माणसं उभी राहिली. सायकलवरची एक बाई उतरली.

"काय झाला गो?" सगुणा रंगाचे हात पदराला पुसत आली. "कोण हो?"

पराग दारात आला. हसत. "काही नाही हो. नवरा-बायकोचं आहे. तिची तब्येत बरी नसते."

गर्दीतला एक गृहस्थ मान हलवून म्हणाला, "घरातलां आसा तर घरात बसान मिटवूक व्हया." हेच होणार होतं. हेच नेहमी होत आलं होतं. लोक परागकडे बघत होते, त्याच्या शर्टाकडे, त्याच्या समजूतदार चेहऱ्याकडे. मी विस्कटलेली, घामाघूम, थरथरणारी.

सगुणा त्या गृहस्थाकडे वळली. "मेस्त्र्यानू, हात मोडलो तो काय घरातलो मामलो?" मग परागला म्हणाली, "आणि तू रे, मेल्या, मामींच्या दुकानाचा दार कित्याक लावत होतंस? मी बघलंय हयसून. पोरगी नंतर इली. तेच्या आधीच तू एक पल्लो लावलंस."

कुणीतरी पाहिलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

लोकांच्या नजरा फिरल्या. मला ते दिसलं, आणि त्यालाही दिसलं. त्याचं हसू ओठांवर तसंच राहिलं पण डोळ्यांतून गेलं. मामी भिंतीला धरत धरत बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. "मी सांगते," त्या धापा टाकत म्हणाल्या. "मी आत होते. माझं वय झालंय, पण नजर शाबूत आहे. ह्याच्याबरोबर बंद खोलीत एक मिनिटसुद्धा राहायची मला भीती वाटली."

शिंपी म्हणाला, "साहेब, तुमी चला आता. नायतर हवालदाराक बोलावतंय."

पराग बॅग खांद्यावर नीट करून उंबरा उतरला. माझ्याजवळून जाताना थांबला आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "किती दिवस रस्त्यात उभी राहशील?"

मग तो गेला. घाईनं नाही. तलावाच्या कडेनं, सावलीसावलीतून.

मी मटकन खाली बसले. सगुणानं मला धरलं. तिचे हात लाल होते आणि माझ्या ब्लाउजला तो रंग लागला. लोक काय काय बोलत होते. कुणी सरबत आणलं. मला सुटल्यासारखं वाटत नव्हतं. त्याचं ते शेवटचं वाक्य कानात होतं, आणि ते खरं होतं. रस्त्यात किती दिवस उभं राहणार? रात्री दार लावावंच लागतं.

"उठ," मामी म्हणाल्या. "पोलीस स्टेशन."

या वेळी मी नाही म्हटलं नाही. मामी, मी, आणि दुकान तसंच उघडं टाकून सगुणा. रिक्षात तिघी कशाबशा मावलो. वाटेत प्रत्येक पांढऱ्या शर्टाकडे मी वळून बघत होते.

त्यानंतर कोर्टाच्या तारखा झाल्या. कारखानीस दोनदा बेळगावहून साक्षीला आले, त्या निरोपासकट. पराग वकील घेऊन आला, दादा त्याच्या बाजूनं बसले. माझ्याजवळ येण्याची त्याला बंदी झाली, पुढे घटस्फोटही झाला. भीती मात्र कागदावर सही झाल्यानं जात नाही. ती कित्येक वर्षं राहिली, हळूहळू झिजली. कधी गेली ते कळलं नाही, आणि पूर्ण गेली आहे असंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

पण त्या सकाळी काय झालं ते सांगायचं राहिलं.

टेबलामागे एक जाडजूड पोलीस बाई होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली. मामी आणि सगुणा मागे बाकावर. मी सांगत गेले तसं त्या लिहीत गेल्या, मध्ये एकदाही त्यांनी खरं का म्हणून विचारलं नाही. माझं नाव विचारलं. हर्षला झांबरे म्हणू की माहेरचं बोरोले, मला क्षणभर कळेना. हर्षला बोरोले, मी सांगितलं.

"राहता कुठे?"

माझ्या तोंडून नेहमीचं उत्तर येऊ घातलं होतं. दीड वर्षात हा प्रश्न मला बँकेत, दवाखान्यात, बसमध्ये शेजारी बसलेल्या बायकांनी, कितीदा विचारला होता. दर वेळी मी काहीतरी पुटपुटले होते. इथेच जवळ. एका नातेवाइकांकडे. थोड्या दिवसांसाठी आलेय.

मी खुर्चीत सरळ झाले.

"पार्सेकर पुस्तकालय," मी म्हणाले. "मोती तलावाजवळ, चितारींच्या खेळण्यांच्या दुकानासमोर. मागच्या खोलीत राहते. दुकान सकाळी उघडतं आणि दिवसभर मी तिथेच असते. नीट लिहा बाई. कुणालाही सापडेल असं लिहा."